उत्तम विज्ञानपटाचे मातेरे कसे करावे?

वाचकहो, आपल्यापैकी कोणाकडे पैसा रग्गड असून गोष्ट मात्र सुचत नसेल, तर त्याने मुळीच खंत करू नये. ज्याविषयी कोणाचीच तक्रार नाही असा एखादा जुना चित्रपट हुडकून तो नव्याने काढावा. नमुना म्हणून ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ समोर ठेवावा. रॉबर्ट वाइज यांचा १९५१ सालचा मूळ कृष्णधवल चित्रपट ‘अण्वस्त्रांची भांडणे पृथ्वीबाहेर आणलीत तर खैर नाही’ हे परग्रहावरच्या पाहुण्याच्या तोंडचे आपले म्हणणे दीड तासात मांडून मोकळा होतो. २००८ सालच्या आवृत्तीला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो आणि म्हणणे काय, ते कळत नाही.

पाहुण्याला माणसांत मुळीच मिसळू देऊ नये. मूळ चित्रपटातला परग्रहवासी क्लाटू वॉशिंग्टनमध्ये भाड्याने खोली घेऊन राहतो, त्या घरातल्या बॉबी नावाच्या मुलाबरोबर शहर पाहतो, त्याला हिरे देऊन दोन डॉलर घेतो. असा वेळ न दवडता किआनू रीव्ह्ज यांच्यासारख्या नटाला निर्विकार चेहऱ्याने मोटारीत बसवावे आणि पळवत राहावे.

जॉन क्लीझ यांच्यासारख्या विनोदी नटाला शास्त्रज्ञ करावे आणि फळ्यावरचे समीकरण सुटले की विसरून जावे.

यंत्रमानवाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. जुन्या गॉर्टच्या पोशाखात लॉक मार्टिन हा सात फुटांहून उंच माणूस होता, आणि बंद दिसू नयेत म्हणून एक पुढून बांधायचा व एक मागून बांधायचा असे दोन पोशाख शिवले होते. तो बहुतेक वेळ नुसता उभा असतो, आणि तो उभा आहे म्हणूनच भीती वाटते, कारण तो हलला तर काय होईल हे प्रेक्षकाने एकदा पाहिलेले असते. नव्या चित्रपटात त्याला संगणकावर अवाढव्य वाढवला, मग त्याचे धातूचे किडे केले, किड्यांनी ट्रक खाल्ला, स्टेडियम खाल्ले, आणि इतके सगळे खाऊनही भीती म्हणून वाटली नाही. ‘क्लाटू बराडा निक्टो’ हे गॉर्टला आवरणारे शब्द वेळेवर उच्चारले जातात की नाही, यावर जुन्या चित्रपटात पृथ्वीचे भवितव्य टांगलेले होते; नव्यात ते जेमतेम कानावर पडतात, पुटपुटल्यासारखे! अरे, मग ठेवलेत तरी कशाला?

‘पृथ्वी थबकली तो दिवस’ या शीर्षकाचा अर्थही शक्य तितका मागे ढकलावा. मुळात इस्पितळे आणि उडती विमाने वगळून जगभरची वीज अर्धा तास बंद पडते. ताकद दाखवायची पण जीव घ्यायचा नाही, हा सारा विचार त्या एका अपवादात आहे. नव्यात वीज जाते ती अगदी शेवटी, आणि पुढे लोकांचे काय झाले हे दाखवण्याआधीच चित्रपट संपतो. लिफ्ट बंद पडल्यावर काय होते, हे ठाण्यातल्या कोणत्याही विसाव्या मजल्यावर विचारले असते तरी चालले असते.

हे सगळे मला पाहावे लागले, कारण एका सोसायटीच्या फलकावर ‘अभिजात विज्ञानपट’ असे वाचून मी नौपाड्याहून घोडबंदर रोडला गेलो, तेही शनिवारी संध्याकाळी. त्यापुढचे ठाणेकरांना सांगायला नको. पडद्यावर रंग दिसताच मी संयोजकांना विचारले, तर ते म्हणाले, “अहो काका, गोष्ट तीच आहे, हा रंगीत आहे.”

गोष्ट ती नाही. अण्वस्त्रांऐवजी पर्यावरण आणले, याला माझी हरकत नाही. येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो प्रश्न कोणी शिकवायला नको. पण इतका मोठा प्रश्न हाती घेऊन तो दोन-चार वाक्यांत उरकायचा, मग कबरीपाशी कोणी रडले म्हणून पाहुण्याचे मन पालटवायचे आणि मूळ चित्रपटातले शेवटचे खडे बोल गाळून टाकायचे, ही निव्वळ आळशी माणसांची कामे आहेत. विचार करायचा नसेल तर दुसऱ्याच्या पुण्याईवर नाव लावू नका, आणि तुम्ही संयोजकांनो, पुढच्या खेपेला फलकावर चित्रपटाचे साल लिहा.