डबा चांगला होता

अण्णांना दिवसातून दोनदा इन्शुलिन. म्हणजे महिन्याला साठ सुया. वापरलेल्या सुया कुठं टाकायच्या, असं मेडिकलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सुट्टे आहेत का?" दवाखान्यात विचारलं. तिथं सुयांसाठी पांढरट, आरपार दिसणारा डबा भिंतीला लावलेला होता, पण तो त्यांच्या सुयांचा. बाहेरच्या सुयांना तिथं प्रवेश नाही.

मग स्वतःच वाचत बसलो. डबा जाड प्लास्टिकचा हवा, सुई आरपार जाता कामा नये, झाकण आट्यांचं हवं, आणि पाऊण भरला की बंद करायचा, ठासून भरायचा नाही. आमच्या घरात असा एकच डबा निघाला. भाच्यानं जिमसाठी प्रोटीन पावडर आणली होती. जिम अकरा दिवस चालली, डबा राहिला. तो पाऊण भरला तसं मी झाकणावर चिकटपट्टीचे चार वेढे मारले, मार्करनं लिहिलं, 'वापरलेल्या सुया. उघडू नये', आणि सकाळी घंटागाडीवरच्या पोराच्या हातात समजावून दिला. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

दुपारी शेजारच्या काकू फाटकात उभ्या. हातात तोच डबा. रिकामा, धुतलेला, उन्हात चमकणारा.

"तुझाच ना रे हा?"

"काकू, यात सुया होत्या!"

"होत्या की. त्या काय मी ठेवून घेते का? क्यारीबॅगमधी वतल्या, गाठ मारली, दिल्या गाडीत."

"त्यावर उघडू नये असं लिहिलं होतं."

"लिहिलं होतं म्हणून तर उघडला. म्हणलं काही ठेवणीतलं आसंल." मग आवाज चढला, समोरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली. "शिकल्या-सवरल्याली माणसं तुम्ही, एवढा चांगला डबा फेकायलास कामून? आट्याचं झाकण हाय! पाच किलो लोणचं बसतंय त्यात."

"सुया टोचू नयेत म्हणूनच तर चांगला डबा घेतला, काकू."

"कचऱ्याला कुणी चांगला डबा देतं का बाबा?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गॅलरीतून कुणीतरी हसलं. अजून आठवलं की कान तापतात.

पण काकूंना एकदम दोषही देता येत नाही. हे लातूर आहे. 2016 साली मार्चमध्ये इथं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा घरात किती भांडी यापेक्षा किती पाणी मावतं, यावर माणसाची ऐपत ठरायची. काकूंच्या गच्चीवर आजही टिपाडं, कॅन, घागरी आणि रंगाच्या बादल्या ओळीनं उभ्या आहेत. त्यांतलं एक टिपाड चिरलंय, त्यात तुळस लावलीय. ज्या माणसानं कॅन हातात धरून टँकरमागं धाव घेतली, त्याच्यासमोर आट्याचं झाकण फेकणं म्हणजे पापच. आमच्या आईच्या कपाटातही आइस्क्रीमचे सतरा डबे आहेत, आणि एकाचंही झाकण दुसऱ्याला बसत नाही.

जाता जाता काकू म्हणाल्या, "त्या गाडीवरल्या लेकराच्या बोटाला लागली जरा एक. म्हणलं, हळद लाव."

इथं मात्र माझं हसणं थांबलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला गाठलं. हातमोजे नाहीत, पायात चप्पल. म्हणलं, अशा सुईनं कावीळ लागू शकते, दवाखान्यात दाखव, मी येतो सोबत, अण्णांचे रिपोर्टही घेतो. तो म्हणाला, "आज गेलो तर रोज बुडतो, दादा." आणि घंटा वाजवत पुढं. कचऱ्याच्या नियमांत घातक कचरा वेगळा द्या असं छापलेलं असतं. वेगळा दिला तर तो घेणाऱ्याच्या हातात काय द्यायचं, ते कुठल्या खात्यात छापतात कोण जाणे. रविवारी त्याला सुट्टी होती, तेव्हा नेऊन आणलं. डॉक्टरांनी आधी त्याला नाही, मलाच झापलं, उशीर कशाला केला म्हणून.

सोमवारी काकूंकडून कैरीचं लोणचं आलं. त्याच डब्यात. मार्कर घासून घासून निघाला होता, तरी 'उघडू नये' एवढं दिसत होतं. ते आम्ही पाळलं. डबा तसाच फ्रिजवर आहे. अण्णा रोज त्याच्याकडं बघतात आणि माझ्याकडं बघतात.

नव्या सुयांसाठी मी आता फिनाईलचा जुना कॅन घेतलाय. कळकट, वास मारणारा, कुणाच्याही डोळ्यात न भरणारा. काल काकूंनी तो भिंतीवरून पाहिला.

"त्याला धरायला कडी हाय का रे?"