सगळ्यांचं उत्तर १५९१.५५ हर्ट्झ कसं येतं?

पुन्हा तेच! इलेक्ट्रॉनिक्सच्या ऑनलाइन प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला घेतली आणि एकूणएक जर्नलात फिल्टर सर्किटची कटऑफ फ्रिक्वेन्सी (जिथून सिग्नल अडायला लागतो ती) १५९१.५५ हर्ट्झ. १ किलोओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सूत्रात घातलं की हेच येणार. अरे, पण मी गणित नव्हतं मागितलं, मोजमाप मागितलं होतं!

खरा रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतो, कपॅसिटर १० टक्के. त्यामुळे खरं उत्तर साधारण १३८० ते १८६० हर्ट्झमध्ये कुठेही पडू शकतं. शेजाऱ्याचं वेगळं का आलं, यावर दोघांनी डोकं खाजवायचं, तेच तर प्रॅक्टिकल. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली सर्किटमध्ये, वायर कधी सैल होत नाही, मोजायचा प्रोब १० एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) राहून गेल्यामुळे रीडिंग दहापट चुकत नाही, काही ब्रेडबोर्डची (सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीची) सप्लायची पट्टी मधोमध तुटलेली असते हे तर कळतच नाही.

आणि ज्यांच्याकडे घरी किट आहे त्यांचं काय? "सर, आउटपुट येत नाहीये." कॅमेरा अंधारात, वायरींचा गुंता. प्रयोगशाळेत पाठीमागून जाता जाता ग्राउंड जोडलेलं नाही हे मला दिसलं असतं. इथे त्यासाठी वीस मिनिटं जातात, तोवर बाकीचे ताटकळतात.

वर सूचना येते, "रीडिंगचा तक्ता आला ना, मार्क देऊन टाका." कशाचे देऊ? उद्या हीच मुलं खरं सर्किट हातात घेणार आहेत हो.