वाढदिवस उद्या, पैसे आज

म्युनिकहून परतून आठ दिवस झाले. कपडे धुऊन झाले, फोटो सगळ्यांना पाठवून झाले, पण त्या आजोबांवरचा राग काही जात नाही. खरं तर राग मित्रांवर आहे. पण मित्र रोज भेटतात, त्यांच्यावर किती दिवस रागावणार? आजोबा लांब आहेत, ते सोयीचं पडतं.

झालं असं. रविवारी माझा वाढदिवस. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. नुसती रीत नाही, रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे. म्हणून केक शनिवारीच घेतला आणि संध्याकाळी आम्ही चौघं तो डबा सांभाळत बिअर गार्डनमध्ये जाऊन बसलो. म्युनिकमध्ये बिअर गार्डनला घरचं खाणं नेता येतं, प्यायचं मात्र तिथलंच घ्यायचं. 1812 साली तिथल्या राजाने बिअरवाल्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकायची परवानगी दिली आणि पावापलीकडे खाणं विकायला बंदी घातली, तेव्हापासून लोक आपापला डबा घेऊन येतात. राजाच्या कृपेने केक आत शिरला. भारतात बारा वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात साडेआठ. बेत ठरला.

साडेआठला आईचा व्हिडिओ कॉल आला. मेणबत्ती पेटली. मित्रांनी गाण्याची पहिली ओळ उचलली आणि समोरून एक हात वर झाला.

तिथे लांबच लांब बाकं असतात आणि अनोळखी माणसं एकाच मेजावर बसतात. आमच्या वाट्याला आले होते एक आजोबा. त्यांनी घरून चौकटीचं कापड आणून आपल्यापुरत्या मेजावर अंथरलं होतं. त्यावर लाकडी पाट, छोटी सुरी आणि एक पांढरा मुळा. तो मुळा ते असा गोल गोल कापत होते की अख्ख्या मुळ्याची एकच न तुटणारी स्प्रिंग झाली होती. तिला मीठ लावून, पाणी सुटायची वाट बघत ते आमच्याकडे बघत होते.

"वाढदिवस आज आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"उद्या. पण भारतात बारा वाजलेत."

"आपण भारतात आहोत का?"

याला काय उत्तर द्यायचं? मी नाही म्हणालो. ते वाकले आणि त्यांनी मेणबत्ती विझवली. माझी मेणबत्ती! फुंकर नाही, मिठाची दोन बोटं जिभेला लावून वात चिमटीत धरली. "आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो," ते म्हणाले. अंधश्रद्धा सांगताना माणसाचा आवाज थोडा तरी ओशाळा होतो. यांचा आवाज रेल्वे फाटकाची सूचना वाचावी तसा.

फोनमधून आई विचारत होती, "तो म्हातारा कोण? आणि विझवतोय काय? औक्षण करायला सांग त्याला."

आजोबा जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले निघाले. अशा माणसापुढे मी हुशारी करायला नको होती, पण केली. म्हटलं, "मी भारतात जन्मलो, तेव्हा भारताची वेळ धरायला हवी."

त्यांचे डोळे चमकले. मुळा बाजूला सारला. "किती वाजता जन्मलात?"

मी आईला विचारलं. "रात्री सव्वाला," आई म्हणाली. "डॉक्टर झोपेतून उठून आले होते, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं." मी फक्त सव्वा एक एवढंच भाषांतर केलं.

आजोबांनी बिअरच्या मगाखालची पुठ्ठ्याची चकती उलटी केली, खिशातून पेन्सिल काढली. "रात्रीचा सव्वा वाजला म्हणजे इथे आदली तारीख. साडेतीन तास वजा. पावणेदहा." मला आनंद झाला. म्हणजे माझा वाढदिवस आजच! "साल?" त्यांनी विचारलं. 1979. पेन्सिल थांबली. "आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायचं पुन्हा सुरू झालं ते 1980 साली. त्या रात्री फरक साडेचार तासांचा होता. पावणेनऊ." घड्याळात पावणेनऊच वाजत होते. मी मेणबत्तीकडे हात नेला. "थांबा," ते म्हणाले. "तेव्हाचे पावणेनऊ म्हणजे आताच्या घड्याळात पुन्हा पावणेदहा. पण पासपोर्टवर काय आहे?"

पासपोर्ट दाखवला. हो, दाखवला. दोन आठवड्यांत विमानतळाबाहेर मला तो कुणीही मागितला नव्हता. त्यावर अर्थातच उद्याची तारीख. "मग उद्या," आजोबांनी निकाल दिला आणि केकचा डबा बंद करून आपल्या बाजूला, मुळ्याशेजारी ठेवला.

इथे मित्रांनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलं, पण आजोबांना आणखी रीतीभाती विचारण्यासाठी. तेव्हा कळलं की जर्मनीत केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा आणि बाकीच्यांना पाजायचंही त्यानेच. आमच्यात एक सीए आहे. गेली वीस वर्षं तो हॉटेलात बिल आलं की बाथरूमला जातो. तो भक्तिभावाने म्हणाला, "जैसा देश वैसा वेश, बाबा. इथली रीत पाळायलाच हवी." आणि केकचे पैसे शनिवारी सकाळी कुणी दिले होते ते वेगळं सांगत नाही.

माझा मुद्दा साधा होता, अजूनही आहे. वाढदिवस उद्या असेल तर आज मी का पाजायचं? आणि आज पाजायचं असेल तर केक का नाही? हे मी तीनदा मांडलं. आमच्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू फार हिशेबी झालायस."

बिनकापडाच्या मेजावर वेटर येत नाही, आपणच रांगेत उभं राहून आणायचं. कापड आजोबांचं स्वतःचं, ते मोजत नाहीत. लीटरभराचे चार मग दोन हातांत धरून खडीवरून चालत या एकदा, मग हिशेबीपणा काढा. तिसऱ्या खेपेला आजोबांसाठीही एक आणला. मागितला नव्हता त्यांनी. मीच आणला, का ते मला विचारू नका.

अकराच्या आत सगळं आवरतं. निघताना आजोबांनी केक परत दिला आणि चकती माझ्या खिशात घातली. "बाराच्या आधी बघायची नाही."

घरी पोचेपर्यंत साडेअकरा. बारापर्यंत सीए घोरत होता, बाकी दोघं कण्हत होती. डबा उघडला तर उकाड्याने क्रीम एका कडेला गोळा झालेलं आणि झाकणाला मुळ्याचा वास. गाणं म्हणायचं तर तिथे रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, आणि एकट्याने स्वतःसाठी कुजबुजत गाण्याइतका मी अजून पडलेलो नाही.

चकती काढली. सगळी वजाबाकी स्वच्छ आकड्यांत मांडलेली होती. 21:45 खाली दोन रेघा. त्याखाली जर्मनमध्ये शुभेच्छा, सही, आणि इंग्रजीत एक ओळ: 'माझ्या मते हीच वेळ बरोबर, पण तेव्हा तुम्ही रांगेत होतात.'