‘आयफोन म्हणजे सोनं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

२०२५ च्या दसऱ्याला कराडला गेलो होतो. आपट्याची पानं देऊन झाली आणि काकूने शिलाई मशीनच्या खणातून एक वही काढून माझ्यापुढे धरली. ब्लाऊजची मापं लिहायची वही. शेवटच्या पानावर पेन्सिलीने भागाकार केलेला: ८२,९०० भागिले १२, उत्तर ६,९०८. त्याखाली दोन रेघा. “पाडव्याला चिऊला आयफोन घेतीये. व्याज नाही म्हणे, नुसते हप्ते. दादाच्या कार्डावर बसतंय,” काकू म्हणाली. चिऊ माझी चुलतबहीण, यंदाच पुण्याला इंजिनिअरिंगला गेली.

हे काकूच्या डोक्यात कुठून आलं, तर घरच्या ग्रुपवरच्या एका मेसेजमधून. ९ सप्टेंबरला आयफोन १७ जाहीर झाला आणि दोन-तीन दिवसांत तो मेसेज सगळीकडे पोचला. मला स्वतःला चार ठिकाणांहून आलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुने फोन दोन वर्षांत मुद्दाम बंद पाडतात, ४जी बंद होणार आहे, ४८ मेगापिक्सेल म्हणजे मोठा कॅमेराच, २२ सप्टेंबरनंतर जीएसटीमुळे फोन महागणार, नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी पैसे, आणि आयफोन हा खर्च नव्हे, सोन्यासारखी गुंतवणूक आहे, म्हणून पहिल्या लॉटमध्येच घ्या. काकू तीन आठवडे हे वाचत होती आणि आम्ही कुणी ग्रुपवर एका शब्दाने बोललो नाही. तेव्हा आता सविस्तर लिहितो.

जीएसटीचं आधी संपवतो. ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेत मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइल आधीही १८ टक्क्यांवर होता, आताही १८ वरच आहे. २२ तारीख येऊन गेली तरी मेसेज अजून फिरतोय.

४जीचं तर ऐकूनच संताप येतो. २७ सप्टेंबरला, म्हणजे दसऱ्याच्या पाच दिवस आधी, पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन केलं. साडेसत्त्याण्णव हजार टॉवर, सुमारे ३७ हजार कोटींचा खर्च. सरकार इतके पैसे घालून आत्ता जे सुरू करतंय ते बंद करायला सुरू करतंय का? एअरटेलचं ५जीसुद्धा बहुतांशी ४जीच्याच जाळ्यावर उभं आहे. आपल्याकडे अजून २जीसुद्धा चालू आहे, आणि हे म्हणे ४जी बंद करणार.

मेगापिक्सेलवर जास्त शब्द घालवत नाही. २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२१ च्या आयफोन १३ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलचाच होता आणि तरी दरवर्षी फोटो सुधारत गेले. सेन्सर केवढा आहे, भिंग कसं आहे, आतलं सॉफ्टवेअर काय करतं, यावर फोटो ठरतो. १७ चा कॅमेरा चांगला आहे, पण लेक्चरच्या फळ्याचा आणि नोट्सचा फोटो काढायला त्याची गरज नाही.

आता जुने फोन बंद पाडण्याचा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतः कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेले आयफोन सॉफ्टवेअरने संथ केले जातात. पुढच्या वर्षी इटलीत आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये त्यांना दंडही झाला. पण यातून उलटाच धडा निघतो ना! मूळ दुखणं बॅटरीचं होतं. नवी बॅटरी घातली की तेच फोन पुन्हा नीट चालायचे. आणि ज्या कंपनीबद्दल ही तक्रार होती, तिचाच नवा फोन घ्या असं हा मेसेज सांगतोय. बाकी दोन वर्षांची भीती निराधार आहे. सप्टेंबरमध्ये आलेलं आयओएस २६, म्हणजे आयफोनचं मूळ सॉफ्टवेअर, हे २०१९ च्या आयफोन ११ वरही चालतं. व्हॉट्सॲपला २०२५ मध्येही अँड्रॉइड ५ पुरत होतं, आणि ते २०१४ चं आहे.

चिऊचा फोन मी हातात घेऊन पाहिला. २०२२ चा अँड्रॉइड. सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख ऑगस्टची होती, म्हणजे कंपनी अजून अपडेट देतेय. स्टोरेज मात्र काठोकाठ भरलेलं, त्यातला मोठा वाटा ग्रुपवरच्या शुभ सकाळच्या चित्रांचा आणि व्हिडिओंचा. आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दुपारच्या प्रॅक्टिकलपर्यंत १५ टक्क्यांवर येते, असं तिनेच सांगितलं. तिची तक्रार एवढीच आहे. आयफोन तिने मागितलाच नव्हता.

आता ज्याने मला खरा राग आला ते. बिनव्याजी पैसे. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ ला बँकांना परिपत्रक काढून बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवून ग्राहकाकडूनच घेतलं जातं. याला बारा वर्षं झाली. नाव बदलून नो-कॉस्ट झालं, आणि आता मांडणी अशी असते: बँक व्याज लावतेच, तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण क्रेडिट कार्डाच्या त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आपल्या खिशातून जातो.

काकूच्या वहीतच खाली मी हिशोब मांडला. व्याजाचा दर वर्षाला १६ टक्के धरला. ६,९०८ चे बारा हप्ते म्हणजे सूट वजा जाता कर्ज साधारण ७६,१४०, व्याज ६,७६० च्या आसपास. त्यावर जीएसटी बाराशे रुपयांच्या वर. शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. म्हणजे फुकट म्हणून सांगितलेल्या गोष्टीला दीड हजाराच्या आसपास मोजावे लागणार. आणि विक्रेता हप्त्यावाल्याला ६,७६० ची सूट देऊ शकतो, तर रोखीने घेणाऱ्याला त्यातलं काही का देत नाही, हे काउंटरवर विचारायलाच हवं.

तरी दीड हजार हा खरा धोका नाही. काकू अस्तराच्या ब्लाऊजचे साडेतीनशे घेते. ६,९०८ म्हणजे महिन्याला वीस ब्लाऊज, तेही फक्त हप्त्यासाठी, वर्षभर. लग्नसराईत होतील. आषाढ-श्रावणात काय करायचं? एक हप्ता चुकला की लेट फी, आणि कार्डाच्या थकबाकीवर बहुतेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. कार्ड दादाचं आहे. म्हणजे घरात बोलाचाली होणार तीही यातूनच. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही भोगायचं नाहीये.

आणि ते सोनं! काकूच्या मनावर याच शब्दाने गारूड केलं, म्हणून हे सोडणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ आला ७९,९०० ला. बरोबर वर्षाने १७ जाहीर झाला त्या दिवशी कंपनीने स्वतःच त्याची किंमत ६९,९०० केली. खोक्यात बंद, हात न लावलेला फोन एका वर्षात दहा हजारांनी उतरला. आयफोन १५ चंही वर्षभरात हेच झालं होतं. त्याच वर्षात सोनं तोळ्याला लाखाच्या पार गेलं. इतर फोनांपेक्षा आयफोन सेकंडहँडमध्ये बरा भाव धरतो हे खरं, पण कमी घसरणं म्हणजे वाढणं नव्हे. बाईमाणसाला सोन्याचं नाव घेऊन कर्जात ढकलणं मला अत्यंत वाईट वाटतं.

१९ सप्टेंबरला मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेर झालेल्या धक्काबुक्कीचा व्हिडिओ मेसेजसोबत पुरावा म्हणून फिरतोय. त्यावरून फोन संपणार हे सिद्ध होत नाही, फक्त गर्दी होती एवढंच कळतं.

फोन म्हणून १७ चांगला आहे. साध्या मॉडेलला १२० हर्ट्झचा, म्हणजे चित्र जास्त सफाईने सरकणारा पडदा आता कुठे मिळाला, २५६ जीबी स्टोरेज मिळालं. ज्याच्याकडे पाच-सहा वर्षांचा आयफोन आहे आणि हातात पैसे आहेत, त्याने जरूर घ्यावा.

काकूने वही बराच वेळ वाचली. मग विचारलं, “बॅटरीला किती लागतील?” कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. अठराशे रुपये, दोन तास. चिऊ सोमवारी पुण्यात गेल्यावर टाकून घेणार आहे. काकूने भागाकारावर काट मारली आणि त्याच पानावर एका गिऱ्हाइकाचं माप लिहायला घेतलं.