युनाबॉम्बरचं स्टेटस ठेवलंय? आधी हे वाचा

काल आमच्या अक्काच्या मुलानं युनाबॉम्बरचं, म्हणजे अमेरिकेत लोकांना बॉम्बची पार्सलं पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीचं, स्टेटस ठेवलं. काळा गॉगल, डोक्यावर हूड, तेच ते स्केच, आणि खाली सगळीकडं फिरणारा मेसेज: "मोबाइलचं संकट आधीच ओळखलेला एकमेव माणूस. सामान्यांना कधी हात लावला नाही, फक्त मोठ्या कंपन्यांच्या मालकांना. सीआयएनं एलएसडी (भ्रम आणणारं ड्रग) देऊन वेडा केला. शेवटी एका ऑफिसरनं एकट्यानं नुसत्या भाषेवरून पकडला. 'मॅनहंट: युनाबॉम्बर' बघा, शंभर टक्के सत्य." दुपारी तोच मेसेज फॅमिली ग्रुपवर, आणि भाऊजींनी त्याला अंगठा दिलेला.

"सामान्यांना हात लावला नाही" म्हणे! माझं बेळगावच्या शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं हे वाचून डोकंच फिरलं. टेड काझिन्स्कीनं मारलेला पहिला माणूस कोण माहीत आहे काय? ह्यू स्क्रटन, वय ३८, सॅक्रामेंटोत कॉम्प्युटर भाड्यानं द्यायचं दुकान. डिसेंबर १९८५ ला दुकानामागच्या पार्किंगमध्ये कायतरी पडलंय म्हणून उचलायला गेला, तर आत खिळे भरलेला बॉम्ब. माझ्या दुकानापुढं रोज कायतरी पडलेलं असतंय आणि मी रोज उचलतोय. त्याच वर्षी बर्कलेत एका विद्यार्थ्याची बोटं उडाली, त्याला अंतराळवीर व्हायचं होतं. १९७९ ला शिकागोहून वॉशिंग्टनला चाललेल्या विमानात बॉम्ब, तो नीट फुटला नाही, नुसता धूर झाला म्हणून लोक वाचले, तिथं काय सगळे कंपन्यांचे मालकच बसले होते? १९९५ चा शेवटचा तर पाकिटावर नाव एकाचं, उघडला दुसऱ्यानं, मेला तो दुसरा. एकूण १६ बॉम्ब, ३ मेले, २३ जखमी.

आता तो एकटा ऑफिसर. एफबीआयचा (अमेरिकेची तपास संस्था) जिम फिट्झगेराल्ड खरा माणूस, लिखाणाच्या भाषेवरून माणूस शोधायचं त्याचं कामही खरं, ते मान्य. पण एफबीआयच्या स्वतःच्या वेबसाइटवरच लिहिलंय की ह्या तपासाची टीम १९७९ ला सुरू झाली आणि वाढत वाढत १५० च्या वर गेली. फिट्झगेराल्ड आला १९९५ ला. सिरीजमध्ये तो तुरुंगात जाऊन काझिन्स्कीसमोर बसतो, प्रत्यक्षात दोघांची कधी भेटच नाही.

आणि भाषेचं म्हणाल तर आपल्याला बेळगावात ते सांगायला पाहिजे काय? समोरच्यानं दोन वाक्यं बोलली की हा निपाणीकडचा, हा खानापूरचा, हा चंदगडचा, हे भाजीवाली मावशीसुद्धा सांगती. पण खानापुरातला कुणाचा कोण, हे त्याच्या घरचाच सांगणार. तिथंही तेच झालं. यंत्रांविरुद्धचा काझिन्स्कीचा ३५ हजार शब्दांचा लेख १९ सप्टेंबर १९९५ ला वॉशिंग्टन पोस्टनं छापला, हजारो लोकांनी हजार नावं सुचवली, पण खरं ओळखलं ते सख्ख्या धाकट्या भावानं, डेव्हिडनं, आणि त्याच्याही आधी त्याच्या बायकोला, लिंडाला, शंका आली होती. मग डेव्हिडनं भावाची जुनी पत्रं आणि त्याचाच १९७१ चा एक लेख एफबीआयला दिला, तेव्हा कुठं भाषावाल्यांना शेजारी ठेवून जुळवायला काहीतरी मिळालं. एप्रिल १९९६ ला मोंटानातल्या झोपडीत पकडला. बक्षिसाच्या १० लाख डॉलरमधला मोठा भाग डेव्हिडनं बळी पडलेल्यांच्या कुटुंबांना दिला. स्टेटस ठेवायचंच तर ह्या भावाचं ठेवा की, पण त्याचं स्केच नाही ना गॉगलवालं!

एलएसडी: हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना मुद्दाम अपमानित करायचा एक प्रयोग झाला आणि हा त्यात होता, एवढं खरं. त्याला एलएसडी दिल्याचा पुरावा नाही. आणि त्या प्रयोगात तो एकटाच नव्हता, बाकीच्यांनी बॉम्ब नाही बनवले.

मोबाइलचं म्हणाल तर हो, यंत्रं माणसाला बांधून टाकतात हे थोडं पटतंय, मीपण दिवसभर स्क्रीनकडंच बघतोय. पण एकमेव कसला? फ्रान्सचा विचारवंत झाक एल्युल हेच १९५४ ला लिहून बसला होता, काझिन्स्कीनं ते वाचलंही होतं. एल्युलनं कुणाला पार्सल नाही पाठवलं.

रात्री भाच्याला फोन केला, स्टेटस काढ म्हटलं. म्हणतोय, "चोवीस तासांनी आपोआप जातंय की मामा."