दुसऱ्याचं डॉट कॉम आपलंसं कसं करावं

सर्वांत आधी एक पथ्य पाळा: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मोकळं आहे की नाही, हे मुळीच तपासू नका. कंपनी नोंदवा, पाटी रंगवा, हजार कार्डं छापून आणा, मामांच्या हस्ते नारळ फोडा आणि मगच रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या आपलं डॉट कॉम उघडून पाहा. तिथे कुणीतरी बसलेला असेलच. त्याने ते १९९८ साली घेतलं, तेव्हा तुम्ही चौथीत होता, हा तपशील गौण आहे. नाव तुम्हाला सुचलं ना? मग ते त्यानेच ढापलं.

लगेच त्याला मेल लिहा. कंपनीचं नाव, गुंतवणूकदारांनी दिलेली रक्कम, उद्घाटनाची तारीख, सगळं पहिल्याच ओळीत सांगून टाका. तुळशीबागेत ‘तसं नकोच आहे’ म्हणत चार पावलं पुढे जाण्याचा कावा इथे शोभत नाही. भाव मात्र पाडूनच सांगा. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी कॅनडातल्या माइक रो नावाच्या विद्यार्थ्याला ‘माइकरोसॉफ्ट डॉट कॉम’साठी १० डॉलर देऊ केले होते. पोराने १०,००० मागितले, मग नोटीस, मग जगभर बोभाटा. शेवटी २००४ साली एक्सबॉक्स वगैरे देऊन प्रकरण मिटलं. तुमच्याकडे द्यायला एक्सबॉक्स नसेल, तर चिवड्याचं पाकीट चालेल.

त्याने उत्तरच दिलं नाही तर कायदा आहे. १९९९पासून अशा भांडणांसाठी खास लवाद आहे. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एका पंचाची फी १,५०० डॉलर. सिद्ध करायच्या गोष्टी तीनच: डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, मालकाचा त्यावर काही हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं नि वापरलं. तुमची कंपनी गेल्या गणपतीतली, म्हणजे हा गृहस्थ तुम्हाला नाडायला पाव शतक आधीच येऊन दबा धरून बसला होता, असं ठणकावून मांडा. पंच प्रसन्न झाले तर ‘हा डोमेन लाटण्याचाच प्रयत्न आहे’ असा शेरा तुमच्याच नावाने निकालात लिहितात. तो फ्रेम करून पाटीखाली लावा.

अमेरिकेतल्या उझी निसान यांनी १९९४ साली आपल्या संगणकाच्या धंद्यासाठी निसान डॉट कॉम घेतलं. आडनावच निसान, काय हा निगरगट्टपणा! त्याच नावाच्या मोटार कंपनीने १९९९ साली कोटभर डॉलरचा दावा ठोकला, कित्येक वर्षं कोर्टकचेरी केली आणि डोमेन राहिलं उझींकडेच. तुम्ही मात्र धीर सोडू नका. कंपनीला जे जमलं नाही, ते तुमच्या मेहुण्याच्या ओळखीतल्या वकिलाला जमेल.

अगदीच नाइलाज झाला तर त्याच्या डोमेनची मुदत संपण्याची वाट पाहा. डॉट कॉम चुकून लॅप्स झालं तरी मालकाला ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवलत मिळू शकते, वर सोडवून घ्यायला ३० दिवस आणि शेवटी ५ दिवसांचं सुतक. त्यानंतर ज्या क्षणी ते मोकळं होतं, त्याच क्षणी कुणाचा तरी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ते उचलतो. तुम्ही गजर लावून ठेवा.

नावापुढे एखादा शब्द जोडण्याचा हलकेपणा करू नका. टेस्लाने २०१६पर्यंत ‘टेस्लामोटर्स’वर दिवस काढले, त्यांची गोष्ट वेगळी. आणि डॉट इनकडे तर बघूही नका. परवापर्यंत ते मोकळं होतं. तुमची मेल वाचली आणि मालकाने तेही घेऊन टाकलं.