बिनपरवाना, बिनआवाज आणि बाराशेचा वेग : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांतल्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून गेले काही महिने एक मजकूर फिरत आहे. मला तो आतापर्यंत चार जणांकडून आला आणि त्यांतले दोघे तरी चांगले वाचन असलेले आहेत. त्याचा सारांश असा : उंदीर, खारी, कावळे आणि माकडे या सगळ्यांवर एअर रायफल हा एकच उपाय आहे, तिला परवाना लागत नाही, ती सेकंदाला बाराशे फूट वेगाने छर्रा सोडते, आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही, माकड तिने मरत नाही, फक्त त्याला अद्दल घडते, आणि एकदा घेतली की दहा वर्षे तिच्याकडे बघावे लागत नाही. खाली एका रायफलीचे छायाचित्र आणि 'शेतकरी बांधवांना पुढे पाठवा' ही विनंती. माझ्याकडे मोडत्या नळीची (नळी खाली वाकवून ताणायची), स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल बरीच वर्षे आहे, परसात माड आहेत, कोंबड्यांची खुराडी आहे आणि उंदरांचा जाच मलाही चुकलेला नाही. म्हणून हा मजकूर हसण्यावारी न नेता त्यातले एकेक विधान तपासून पाहिले.

परवान्याचे विधान अर्धे खरे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि नळीच्या तोंडाशी छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर परवाना लागत नाही. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात, आणि मजकुरात त्यांतली एकही दिलेली नाही. परदेशी चित्रफितींत उंदीर-कबुतरांवर जी साडेपाच मिलिमीटरची, म्हणजे ०.२२ इंची 'टू टू' सर्रास दिसते, तिची ऊर्जा कितीही कमी असली तरी आपल्याकडे तिला परवाना हवा. बिनपरवाना मिळते ती फक्त 'वन सेव्हन सेव्हन', म्हणजे ०.१७७ इंची, साडेचार मिलिमीटरची. तीही कागदांशिवाय मिळत नाही, कारण रीतसर विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागून नोंद ठेवतो. जो विक्रेता काहीच मागत नाही, त्याच्याकडून घेऊ नये एवढे साधे तारतम्य पुरेसे आहे.

यापुढचे विधान वेगाचे आहे आणि खरी गोम तिथेच आहे, म्हणून थोडे आकडे मांडतो. शाळेत गतिज ऊर्जेचे सूत्र शिकलेल्या कोणालाही ते पडताळता येतील. वन सेव्हन सेव्हनचा नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला १२०० फूट, म्हणजे सुमारे ३६६ मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा ३३ ज्यूलच्या पुढे जाते. याचा अर्थ, रायफल खरोखरच बाराशेची असेल तर ती परवान्याशिवाय ठेवता येणार नाही, आणि परवान्याशिवाय ठेवता येण्याजोगी असेल तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा ती सेकंदाला २८३ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण ९३० फुटांपेक्षा वेगाने फेकू शकणार नाही. मग खोक्यावरचा बाराशेचा आकडा येतो कुठून? तो बहुधा ०.३ ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍याने मोजलेला असतो, कारण वजन घटले की तेवढ्याच ऊर्जेत वेग वाढतो. असला हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, वाऱ्याने भरकटतो आणि वीस पावलांवर नेम धरून राहत नाही. विकत घेणारा आकडा बघून रायफल घेतो आणि पुढे शिशाचे छर्रे वापरतो, तेव्हा तो आकडा त्याच्या रायफलीत कधीच नसतो.

याच हिशेबात आवाजाचेही उत्तर मिळते. गोव्याच्या तीस अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. ३६६ मीटरने सुटलेला छर्रा तो ओलांडतो आणि चाबूक ओढल्यासारखा कडकन आवाज होतो, जो छर्रा ज्या वाटेने जाईल त्या वाटेभर ऐकू येतो; नळीला काहीही बसवले तरी तो थांबत नाही. म्हणजे बाराशेचा वेग आणि शेजाऱ्याला न कळणारा आवाज ही दोन विधाने एकाच मजकुरात शेजारी शेजारी बसलेली असली तरी एकाच रायफलीत बसू शकत नाहीत. शांत रायफल हवी असेल तर वेग कमी आणि छर्रा जड हाच मार्ग आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवायच्या एअर रायफलीची मर्यादा आपल्यापेक्षाही कमी, १२ फूट-पौंड म्हणजे सुमारे १६ ज्यूल आहे, आणि तिथले शेतकरी त्याच ताकदीच्या रायफलींनी गोठ्यातले उंदीर पिढ्यान्‌पिढ्या मारत आले आहेत. उंदराला वेग मारत नाही. योग्य जागी बसलेला छर्रा मारतो.

'आवाजच होत नाही' असे तरीही कोणी म्हटले तर त्याने स्प्रिंगची रायफल प्रत्यक्ष गालाला लावून पाहावी. घोडा ओढला की आतला दट्ट्या पुढे आदळतो, स्प्रिंग झणझणते आणि ती झणझण लाकडातून थेट जबड्यात येते. चालवणाऱ्याला हा आवाज सर्वांत मोठा वाटतो, पण कुंपणापलीकडे तो 'ठप' एवढाच पोचतो. स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूची नळी असलेल्या रायफलीत झणझण कमी असते. आधी हवा भरून ठेवायच्या रायफलीत दट्ट्याच नसल्याने धक्का जवळजवळ नसतो, मात्र नळीच्या तोंडाशी दाबाची हवा एकदम सुटते आणि नळीवर मुळातच आवरण नसेल तर तीच सर्वांत कर्कश ठरते. यावर काही जण बाहेरून वेगळा सायलेन्सर आणून बसवण्याचा सल्ला देतात. त्यांनी १९५९ च्या शस्त्र कायद्यातली व्याख्या वाचावी : स्फोटकाने किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने अस्त्र फेकणारे हत्यार तिच्यात येते आणि त्याचा आवाज कमी करणारे साधनही येते. चाळीस फुटांवरचा एक उंदीर मारण्यासाठी एवढे लचांड कोणी ओढवून घ्यावे, हे मला कळलेले नाही.

एक अनुभव इथे सांगतो. रायफल नवी असताना मी ती गंजू नये म्हणून शिवणयंत्राचे तेल नळीमागच्या भोकातून सढळ हाताने सोडले. पुढच्या नेमाला परसात बार उडाल्यासारखा आवाज झाला, तोंडापुढे निळसर धूर आला आणि शेजारच्या वहिनी माजघरातून 'कोण फटाके लावतो रे?' म्हणत बाहेर आल्या. दट्ट्यासमोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की साधे तेल तिथे पेट घेते. चार-पाच छर्‍यांत ते जळून जाते, पण तोवर आतल्या सीलचे नुकसान होऊ शकते. गुपचूप चालणारी म्हणून घेतलेली रायफल मालकाच्या हौशीने अशी गर्जू लागते.

आता 'सगळ्यांवर एकच उपाय' या शब्दांकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पूर्वी पाचवी अनुसूची होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि उंदीर-घुशी हे तिच्यात उपद्रवी म्हणून नोंदलेले होते आणि जुन्या माणसांच्या मनात तीच यादी अजून पक्की आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली. त्यामुळे 'कावळा उपद्रवी आहे, खुशाल मारा' या म्हणण्यामागचा आधार उरलेला नाही. माकड आणि वानर दोन्ही संरक्षित आहेत. शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही, जखमी करणेही येते. सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे, आणि पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत ती तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत जाते. गोव्यात हा विषय नवा नाही : २०१६ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी माकड, रानडुक्कर, गवा यांच्याबरोबर मोरालाही उपद्रवी ठरवण्याचा विचार बोलून दाखवला होता आणि देशभर गदारोळ झाला होता. मोर आजही पहिल्या अनुसूचीत आहे. वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) भाताची लोंबी मोराने ओरबाडलेली पाहून ज्याचा जीव जळतो, त्याची बाजू मला समजते. तरीही कायद्याने दिलेली वाट वेगळी आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतात. ही वाट लांबची आणि कंटाळवाणी आहे हे मान्य, पण व्हॉट्सॲपवरचा मजकूर हा त्या आदेशाला पर्याय होत नाही.

माकडाला 'अद्दल' घडते हे विधान मला सर्वांत जास्त खटकले. वीस ज्यूलचा छर्रा माकडाला सहसा जागच्या जागी मारत नाही, हे खरे. तो कातडीखाली शिरतो आणि तिथेच राहतो. जखम पिकते, प्राणी कुठेतरी कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) टोकाला जाऊन दिवसेंदिवस झिजतो, आणि डोळ्याला लागला तर आंधळा होऊन तुमच्याच छपरावर फिरतो. कळप मात्र दुसऱ्या दिवशी येतोच, कारण त्याला ओढून आणणारे पपई, केळी आणि उघड्यावरचा कचरा जागेवरच असतात. माकडे हात उगारलेला माणूस ओळखतात आणि तो घरात गेला की उतरतात, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

राहिला उंदीर, आणि उंदराला मारू नये असे माझेही म्हणणे नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती आपण दरवर्षी घेतो, ती त्याच्याच मुतामुळे. पण बागायतीतला उंदीर राहतो कुठे, तर माडाच्या शेंड्यात. खाली पडलेले कोवळे फळ उचलून पाहिले तर देठाजवळ रुपयाएवढे गोल भोक दिसते, कडेला दातांचे बारीक खरवडे असतात आणि आतले पाणी गेलेले असते. या उंदरावर रायफल रोखायची म्हणजे ती आकाशाकडे रोखायची. नेम चुकला, आणि झावळ्यांतला हलता उंदीर बॅटरीच्या उजेडात बहुतेकदा चुकतोच, तर त्या छर्‍यामागे काहीही नसते. तो शंभर मीटरांच्या पलीकडे सहज जातो आणि गोव्यातल्या वाड्यावर शंभर मीटरांत चार घरे, एक खळे आणि सायकलवरची पोरे असतात. दुसऱ्याच्या जीविताला धोका होईल असे निष्काळजी कृत्य भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमात बसते आणि तिथे रायफल परवान्याची की बिनपरवान्याची, हे कोणी विचारत नाही.

माडावरच्या उंदरासाठी जुना उपाय अधिक चांगला आहे. जमिनीपासून साधारण दोन मीटरांवर खोडाभोवती चाळीस सेंटिमीटर रुंदीचा जस्ती पत्रा बसवला की उंदराची नखे त्यावर ठरत नाहीत. मात्र त्या माडाच्या झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत असतील तर पत्रा व्यर्थ जातो, आणि नारळ पाडणारा पाडेली कुरकुर करणार हेही धरून चालावे. पत्रा जमत नसेल तर ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या विषाच्या मेणाच्या वड्या दर पाच माडांपैकी एकाच्या शेंड्यात, बारा दिवसांच्या अंतराने दोनदा ठेवण्याची शिफारस आहे. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जाऊ शकतो, म्हणून माझा कल पत्र्याकडे आहे. शिशाचा छर्रा अंगात घेऊन कुठेतरी मरून पडलेला उंदीरही घारीच्या पोटातच जातो, हे रायफलवाल्यांनी लक्षात घ्यावे.

'दहा वर्षे बघायला नको' या शेवटच्या विधानावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. ज्याने गोव्यातला एक जुलै काढला आहे त्याने कपाटातला चामड्याचा पट्टा आठवावा. नळीच्या बाहेरून तेलाचे पुसट बोट, आत सुके फडके, दुर्बिणीच्या काचेला बुरशी येऊ नये म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे दर आठवड्याला करावे लागते. स्प्रिंगची रायफल ताणून ठेवायची नाही आणि छर्‍याशिवाय रिकामी उडवायची नाही. तिचा धक्का मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असल्याने साधी दुर्बीण थोड्याच महिन्यांत खिळखिळी होते. म्हणून तशा धक्क्यासाठी बनवलेली घ्यावी, नाहीतर नळीवरच्या माशीनेच (टोकावरच्या नेमाच्या खुणेने) नेम धरावा. हवा भरायची रायफल अधिक अचूक असते, पण आपल्या दमट हवेत हातपंपाने २०० बार (वातावरणाच्या सुमारे दोनशे पट) दाब भरताना पाण्याचा अंश आत जातो, आणि तिची रबरी कडी झिजली की दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळेलच असे नाही. म्हणून विश्वासाचा प्रश्न असेल तर माझे मत मध्यम ताकदीच्या, साध्या, मोडत्या नळीच्या रायफलीला आहे.

माझी रायफल वर्षातून फार तर आठ-दहा रात्री बाहेर निघते. खुराड्याखाली धान्याच्या वासाने घूस येते. बारा पावलांवर, जमिनीलगत, आणि तिच्यामागे गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवून ठेवलेली रेतीची दोन पोती असतात. पोती आधी नव्हती. नुसत्या गडग्यासमोर बसून मारलेला एक छर्रा जुन्या काळ्या चिऱ्यावर तिरका लागला आणि विहिरीच्या रहाटावर टणकन वाजला. त्या रात्री रायफल उतरवून ठेवली आणि सकाळी रेती भरायला बसलो.